रंगाच्या थराखालचा इतिहास : घरच्या मेजावरील छोट्या गाड्या आणि पिंपरी-चिंचवड

१/
खेळण्यातील इटालियन व्हेस्पाला नवा रंग दिला, तिच्यावरील मूळ नाव पुसले आणि मागे इथल्या नोंदणीचा क्रमांक लावला, की ती बजाज चेतक वाटू लागते. टाटा सुमो मात्र कोणत्याही परदेशी छोट्या गाडीला रंगवून तयार होत नाही. तिच्यासाठी धातू कापावा लागतो, छत नव्याने घडवावे लागते, खिडक्या बदलाव्या लागतात. दोन्ही वाहने एकाच औद्योगिक पट्ट्यात जन्मली. मग हा फरक का? त्याचे उत्तर आकुर्डी, पिंपरी, चिंचवड आणि चाकण यांच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात आहे. घरच्या मेजावर छोट्या गाडीचा रंग उतरवताना हा इतिहास थराथराने उलगडत जातो.

२/
प्रथम धातूविषयी. रंग खरवडल्यावर खाली जी करडी, चकाकती धातू दिसते ती लोखंड नव्हे. ती जस्ताची मिश्रधातू असून तिचे नाव झमॅक. न्यू जर्सी झिंक कंपनीने ती १९२९ मध्ये विकसित केली. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले. तीत ॲल्युमिनियमचे प्रमाण सुमारे ४ टक्के असते. ही धातू कमी तापमानाला वितळते आणि पोलादी साच्यात दाबाने भरली की दरवाजाची रेघसुद्धा स्वच्छ उमटते. ‘डाय-कास्ट’ म्हणतात ते हेच.

३/
या तंत्रावर विसाव्या शतकातील एक मोठा खेळणी-उद्योग उभा राहिला. लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये ‘डिंकी टॉईज’ हे नाव रूढ केले. लंडनच्या लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या १९५३ मध्ये आल्या. १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ने खिडक्यांना काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक बसवले. अमेरिकेच्या मॅटेलने १९६८ मध्ये ‘हॉट व्हील्स’ बाजारात आणल्या. त्यांच्या पहिल्या गाड्यांचा झगमगाट रंगातून येत नसे. झळाळी दिलेल्या धातूवर पारदर्शक रंगाचा पातळ थर दिलेला असे आणि खालची धातूच त्यातून चमकत असे. अशा गाडीवर साधा अपारदर्शक रंग चढवला, तर तिचे मूळ तंत्रच झाकले जाते.

४/
या धातूला एक रोगही आहे. जस्तात शिशाचा अंश राहून गेला, तर कालांतराने धातूच्या कणांच्या सीमा आतून झिजू लागतात. गाडी फुगते, तिला तडे जातात, शेवटी ती हातात चुरा होऊन येते. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशाच नष्ट झाल्या. इंग्रजी संग्राहक या रोगाला ‘जस्ताची कीड’ म्हणतात. रंगाचा कितीही जाड हात दिला तरी ही झीज थांबत नाही. म्हणून जुनी गाडी रंगवायला घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. अंगावर बारीक तडे आहेत का, हे आधी पाहावे लागते.

५/
ब्रिटिश कंपन्यांच्या भरभराटीच्या काळातील सूचिपत्रे चाळली, तर त्यांत युरोप आणि अमेरिकेतील वाहनांचीच गर्दी दिसते. भारतात खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातून एक वेगळी वाट निघाली. डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याच्या एका उत्पादकाकडे आले आणि ‘निकी टॉईज’ या नावाने त्याच गाड्या भारतात ओतल्या जाऊ लागल्या. साचा लिव्हरपूलचा, ओतकाम, रंगकाम आणि नाव कलकत्त्याचे. तळपट्टीवर ‘डिंकी’च्या जागी ‘निकी’ आले. लिव्हरपूलच्या मानाने रंग काहीसा ओबडधोबड होता. आज संग्राहक त्यावरूनच या गाड्या ओळखतात.

६/
निकी टॉईजमध्ये जे घडले, तेच त्या काळात खऱ्या वाहन-उद्योगातही घडत होते. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर म्हणजे ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी म्हणजे फियाट ११००. परकीय चलनाची टंचाई, आयातबंदी आणि परवाना-पद्धती यांच्या चौकटीत भारतीय कारखान्यांनी परदेशी आराखडे घेतले आणि हळूहळू सुटे भाग देशात बनवले. बाह्य आकार बहुधा तयारच मिळत असे.

७/
छोट्या गाड्या रंगवणाऱ्याला इथे वंशावळ नीट माहीत असावी लागते. डिंकीने मॉरिस ऑक्सफर्ड बनवली होती हे खरे. ती घेऊन ॲम्बॅसडर करण्याचा मोह होतो. पण डिंकीची गाडी १९४८ च्या गोलसर ऑक्सफर्डवर बेतलेली आहे. भारतात ती पिढी ‘हिंदुस्थान १४’ या नावाने निघाली. ॲम्बॅसडर त्यानंतरच्या दुसऱ्याच बांधणीची. म्हणजे डिंकीच्या त्या गाडीला रंगवून हिंदुस्थान १४ करता येते, ॲम्बॅसडर नाही. नाव सारखे असूनही देह वेगळा, हे रंगकाम सुरू करण्यापूर्वी कळले तर एक जुनी वस्तू वाचते.

८/
आता मुंबई-पुणे रस्त्याकडे वळू. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानावर भूखंड पडू लागले. बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन आकुर्डीत व्हेस्पा स्कूटर आणि तीनचाकी रिक्षा बनवल्या. १९७१ मध्ये हा करार संपला. पुढच्याच वर्षी चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, बांधा व्हेस्पा स्प्रिंटचा. म्हणूनच १:१८ प्रमाणातील व्हेस्पा स्प्रिंट घरी रंगवून चेतक करता येते. आकुर्डीतही आकार तोच राहून नाव बदलले होते. मेजावर त्याच घटनेची पुनरावृत्ती होते.

९/
शेजारीच नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो होती. ‘टेम्पो’ हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. मराठीत ते इतके मुरले, की आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पोच म्हणतात. या कंपनीची मॅटाडोर जर्मनीतील टेम्पो आणि पुढे हानोमाग यांच्या व्हॅनच्या आराखड्यावर आधारलेली होती. टेल्कोची कहाणीही अशीच. १९५४ पासून १५ वर्षे डाइम्लर-बेंझशी तिचा सहकार करार होता. जमशेदपूरच्या ट्रकांवर मर्सिडीजचा तारा मिरवत असे. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. त्या काळातील मर्सिडीज ट्रकच्या छोट्या प्रतिकृतीवरही एवढाच बदल करावा लागतो.

१०/
आकाराची कथा येथवर आली, आता रंगाची. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. त्याकाळी मोटारीचे रंगकाम ब्रशने, हातावर हात देत होई आणि वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत. ड्युपाँटच्या ‘ड्यूको’ने हे चित्र पालटले. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग फवारता येई आणि काही तासांत वाळे. जनरल मोटर्सने १९२४ सालच्या ओकलंड मोटारी याच रंगात, निळ्या छटेत आणल्या. नायट्रोसेल्युलोजचे रसायनशास्त्र पहिल्या महायुद्धातील स्फोटकांच्या उद्योगात वाढले होते. तोफखान्यासाठी विकसित झालेले ज्ञान अशा रीतीने मोटारींच्या रंगीबेरंगी युगाचे कारण ठरले. आपल्याकडे सुतारकामात आजही ‘ड्यूको फिनिश’ म्हणतात. एका कंपनीचे व्यापारी नाव सामान्यनाम होऊन गेले आहे.

११/
दुसरी क्रांती १९६० च्या दशकात फोर्डच्या कारखान्यांत झाली. गाडीचा संपूर्ण सांगाडा पाण्यातील रंगाच्या हौदात बुडवायचा आणि त्यातून विद्युतप्रवाह सोडायचा. रंगाचे कण खाचाखोचांत जाऊन धातूला चिकटतात. आज मोटारींच्या कारखान्यांतील रंगशाळांचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो : धुलाई, फॉस्फेटचा थर, विद्युत-लेपन, मधला थर, मूळ रंग आणि वर पारदर्शक कवच. काही टप्प्यांनंतर भट्टी. गंज, उन्हाळा आणि खड्डेमय रस्ते यांच्याशी झालेल्या झुंजीतून हा क्रम तयार झाला.

१२/
घरी छोटी गाडी रंगवणारा नकळत याच क्रमाने जातो. तळाची रिव्हेट बारीक ड्रिलने पोखरून गाडी सुटी करायची. काचा आणि आसने बाजूला काढायची, कारण पेंट रिमूव्हर किंवा ॲसिटोन लागले तर प्लॅस्टिक विरघळते. जुना रंग उतरवण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू नये. तो जस्तालाही खातो. मग साबणाने धुवायचे, कोरडे करायचे आणि धातूला हाताचा स्पर्श टाळायचा, कारण बोटांच्या तेलावर रंग धरत नाही. त्यानंतर धातूला पकड देणारा प्रायमर, रंगाचे पातळ हात, शेवटी पारदर्शक थर. हौदातील विद्युत-लेपन घरी शक्य नाही, पण त्याचे काम प्रायमर करतो. फवारणीचा डबा तर १९४९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी ॲल्युमिनियम रंगासाठी प्रथम वापरला. या छंदाला तोच सर्वाधिक उपकारक ठरला.

१३/
एक हिशेब येथे उद्बोधक ठरतो. खऱ्या मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. तेवढाच थर १:६४ प्रमाणातील गाडीवर बसला, तर त्या प्रमाणात तो ६.४ मिलिमीटर जाड ठरतो. म्हणजे खऱ्या गाडीवर जणू जाड गिलावा! दरवाजांच्या रेघा बुजतात, अक्षरे हरवतात, गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. धातुछटेच्या रंगातील चमकते कणही असेच अवाढव्य भासतात. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, हा गॅरेजमधील पेंटरचा नियम छोट्या गाडीसाठी अधिकच खरा आहे.

१४/
हवामानालाही येथे मत असते. नायट्रोसेल्युलोजच्या रंगातील थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर धरते. परिणामी रंगावर पांढुरकी झाक येते. जुलै-ऑगस्टमध्ये, मावळातून ढग उतरत असताना पिंपरी-चिंचवडच्या गच्चीवर केलेले रंगकाम बहुधा असेच फसते. कारखान्यातील रंगशाळेत तापमान आणि आर्द्रता नियंत्रित का ठेवतात, हे त्या पांढऱ्या झाकेकडे पाहिले की समजते.

१५/
रंग निवडताना कालविपर्यास टाळणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची खरी कसोटी. मूळ रंगावर वेगळे पारदर्शक कवच देण्याची पद्धत जगभर १९८० च्या दशकात रुळली. १९७० च्या दशकातील चेतक आरशासारखी चकाकली, तर ती खोटी वाटते. साध्या इनॅमलची मंद चमकच तिला शोभते. क्रमांकाच्या पाटीचेही तसेच. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा अंक ही आजची पद्धत त्याच सुमारास आली. ‘एमएच १४’ ही पिंपरी-चिंचवडची खूण. ती १९७५ च्या स्कूटरवर लावणे म्हणजे शिवकालीन चित्रात विजेचा खांब काढण्यासारखेच.

१६/
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. टेल्कोने पुणे प्रकल्पात १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आणली. सुमो हे नाव पुणे प्रकल्पाचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून पडले. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत इंडिका प्रथम दिसली. या वाहनांना परदेशात जुळे भावंड नव्हते. मदत घेतली नाही असे नाही : इंडिकाच्या रूपरेखेत ट्यूरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेचा हात होता आणि ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला प्रकल्प सुटा करून जहाजाने आणून पुण्यात उभारला गेला. पण येथे विकत घेतले ते कौशल्य आणि यंत्रे. आकार नवा होता. परदेशी साच्यातून तो निघणे शक्यच नव्हते. म्हणून सुमो केवळ रंगवून होत नाही.

१७/
या क्रमाला एक उलटा दुवाही आहे. २००३ मध्ये ब्रिटनच्या एमजी रोव्हरने पुण्यात बनलेली इंडिका घेतली, किरकोळ फेरफार केले आणि ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकली. एप्रिल २००५ मध्ये ती कंपनी कोसळली आणि तो प्रयोगही संपला. कधीकाळी लिव्हरपूलचे साचे कलकत्त्यात नवे नाव धारण करत होते. आता पिंपरीची मोटार इंग्लंडमध्ये नवे नाव धारण करत होती. हातात १:४३ ची इंडिका असेल, तर केवळ बोधचिन्ह आणि रंग बदलून तिची ब्रिटिश गाडी करता येईल.

१८/
चाकणने या चित्रात तिसरा थर चढवला. मर्सिडीज-बेंझ १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडत असे. २००९ मध्ये ती चाकणला गेली. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि पुढे तेथे पोलो बनू लागली. ती दिसायला जगातील इतर पोलोंसारखीच. तिची प्रतिकृती जर्मनीतून आणली तरी पाटी बदलली की काम भागते. पण त्याच चाकणमध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० बनू लागली आणि तिला पुन्हा परदेशी मूळ नाही. म्हणजे परवान्याचा काळ, स्वतःच्या आराखड्याचा काळ आणि जागतिक साखळीचा काळ हे एकामागून एक येऊन संपले नाहीत. एकावर एक बसलेल्या हातांसारखे ते आजही एकत्र नांदतात.

१९/
या छंदात एक खरा धोकाही आहे. जुन्या रंगांत शिसे असे. पिवळ्या रंगासाठी तर लेड क्रोमेट सर्रास वापरले जाई. अमेरिकेने घरगुती रंग आणि खेळण्यांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. तरीही ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेलला ‘कार्स’ चित्रपटातील ‘सार्ज’ ही डाय-कास्ट गाडी रंगातील शिशामुळे परत मागवावी लागली. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आणि खेळण्यांचे गुणवत्ता-मानक १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या खेळण्याचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये. धूळ श्वासावाटे शरीरात जाते. पाणी लावून घासावे, हातमोजे घालावेत, मुखपट्टी बांधावी, खिडकी उघडी ठेवावी. आणि घरी रंगवलेली गाडी लहान मुलाला खेळायला देऊ नये.

२०/
शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण : काय रंगवू नये? ज्या गाडीची शेकडो जुळी भावंडे बाजारात आहेत, जिचा रंग उडाला आहे, जी कोणी अन्यथा भंगारात टाकेल, ती खुशाल रंगवावी. पण निकी टॉईजची गाडी हाती आली, तर तिचा ओघळलेला रंग तसाच राहू द्यावा. तो ओघळ हा कलकत्त्यातील एका कामगाराच्या हाताचा पुरावा आहे. १९८० च्या दशकात ‘लिओ मॅटेल’ या नावाने भारतात बनलेल्या हॉट व्हील्सनाही हाच न्याय. त्यांच्या रंगछटा हाच त्यांचा जन्मदाखला. तो खरवडला तर ती गाडी जगातील इतर कोणत्याही गाडीसारखी होते.

२१/
जी गाडी रंगवायची, तिच्यासाठी अभिलेखागारातील एक साधी शिस्त पुरते. रंग उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि तळपट्टीचे छायाचित्र घ्यावे. गाडी पुन्हा जोडण्यापूर्वी तळपट्टीच्या आतल्या बाजूस बारीक अक्षरांत लिहावे : मूळ कोणती गाडी, मूळ रंग कोणता, कोणत्या वर्षी बदलला, कशासारखी केली. तीस-चाळीस वर्षांनी दुसरे कोणी तीच रिव्हेट पोखरेल. आकुर्डीची चेतक समजून हाती घेतलेली वस्तू इटालियन व्हेस्पाची प्रतिकृती होती, आणि एकेकाळी खरी चेतकही त्याच आकारातून घडली होती, हे तिला किंवा त्याला त्या एका ओळीतून कळेल.